मिठाची फळी

"खोलीतली खाट फिरवून काय उपेग, व्हिनी? मम्मा खोलीत असायची कवा? पाठ टेकायपुरती. तिला यायचं झालं तर ती सरळ हितं यील. ह्या कपाटापाशी," हायसिंथ म्हणाली.

"मग येऊ दे की. खाती का काय आपल्याला?"

"खाती न्हाय. पन आली की ऱ्हाती. समदं जिथल्या तिथं दिसलं की तिला वाटंल, आपुन मेलोच न्हाय. घालंल हात मिठाच्या बरणीत आन् लागंल कामाला. मग तिला काढनार कोन? तू?"

व्हिनेट पालथ्या बादलीवर उभी राहून वरच्या फळीवरची मिठाची बरणी काढत होती. ती बरणी पोटाशी धरून खाली उतरली.

"आन् पापा? पापांनी काय करायचं?"

"पापांना दावू की. हे हितं, ते तितं. शिकत्याल."

"दावू," व्हिनेट म्हणाली. "आंधळ्याला दावू."

मिस अर्मीनला, म्हणजे ह्या मम्माला, जाऊन त्या दिवशी आठ दिवस झाले होते. तिकडं वडीलधाऱ्या बाईला मिस म्हणतात आणि बाप्याला मास. माती रविवारी व्हायची होती, आणि त्याआधी नववी. क्रिस्टियाना ह्या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, त्या डोंगरात, माणूस गेलं की नवव्या दिवशी त्याची खोली उलटीपालटी करतात. गादी भिंतीला उभी करायची, खाटेचं तोंड फिरवायचं, आरसा दुसऱ्या भिंतीला लावायचा. त्या संध्याकाळी गेलेलं माणूस शेवटचं घरी येतं. घर ओळखू आलं नाही की निमूट आपल्या वाटेनं जातं. ओळखू आलं की ठाण मांडून बसतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, चर्चच्या पाळकालासुद्धा. तो फक्त बोलून दाखवत नाही.

हायसिंथ ही मिस अर्मीनची थोरली लेक. तीस वर्षं झाली, इंग्लंडात बर्मिंगहॅमला असते, म्हाताऱ्यांच्या इस्पितळात कामाला. गाव सोडताना ज्या रीती तिनं बरोबर नेल्या त्या तिथं खारवलेल्या माशासारख्या जपल्या. इकडं गावानं त्यातल्या निम्म्या कधीच सोडून दिल्या होत्या, त्याचा तिला पत्ता नव्हता. मयत तिकडं कळलं तशी ती चौथ्या दिवशी दोन मोठ्या पेट्या घेऊन दारात उभी राहिली आणि पाचव्या दिवसापासून घर चालवायला लागली.

आता व्हिनेट. ती ह्या डोंगरातली नव्हे. खालच्या सपाटीवरची, उसाच्या मळ्यांकडची. चोवीस वर्षांची असताना मिस अर्मीनच्या लेकाच्या, लिनव्हलच्या, मागोमाग इथं आली, त्याला बावीस वर्षं झाली. दोन मुली झाल्या, त्या शिकून किंग्स्टनला गेल्या. लिनव्हल यामचे कंद लावतो, उजाडलं की टेकडीवर जातो आणि भूक लागली की खाली येतो. व्हिनेटचा हात आल्यात. आलं सोलावं तर तिनंच, असं आसपासच्या चार वस्त्या म्हणतात. आल्याचा वास सालीच्या लगेच खाली असतो. सुरी जराशी खोल गेली की वास सालीबरोबर गेला. व्हिनेटची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते. मिस अर्मीननं तिच्या हरेक कामात खोट काढली, ह्यात काढता आली नाही. म्हणून ती आल्याबद्दल कधीच काही बोलली नाही.

मिस अर्मीन चांगली सहा फुटी बाई होती. आणि कपाट तिच्या मापाचं. मास झेकीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लग्नाच्या वर्षी आपल्या हातानं ते सीडरच्या लाकडाचं केलं. तिला भिंतीला उभी करून हात वर करायला लावला, आणि जिथं बोटं पोचली तिथं वरची फळी ठोकली. चार फळ्या, दोन दारं, खालच्या अंगाला जाळी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. सगळ्यात वर मीठ, साखर, सोडा, मसाल्याच्या बाटल्या. त्याखाली तांदूळ आणि मक्याचं पीठ. मग भांडी. खाली जाळीत खारा मासा आणि उरलंसुरलं. लोण्याच्या रिकाम्या डब्यांत लोणी सोडून सगळं असायचं. कशात काय, हे मिस अर्मीनच्या डोक्यात.

व्हिनेट तिच्या काखेला लागायची. आली त्या वर्षी तिनं मिठाची बरणी खालच्या फळीवर घेतली. दुपारपर्यंत बरणी वर गेली. मिस अर्मीन एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. व्हिनेटनं परत खाली घेतली, ती परत वर गेली. तिसऱ्यांदाही तेच. मग व्हिनेटनं रंगाची रिकामी बादली आणून कपाटापुढं पालथी घातली आणि तिच्यावर चढून मीठ काढायला लागली. बावीस वर्षांत तीन बादल्या फुटल्या, ही चौथी.

आता कपाट हलवायचं, म्हणजे आतलं सगळं उलटंपालटं करायचं निघालं होतं. बावीस वर्षं जे मागायचा व्हिनेटला धीर झाला नव्हता ते नणंद आपणहून हातावर ठेवत होती, वर त्याला रीतीचा आधार. पण मधे म्हातारा होता.

मास झेकीचे डोळे काचबिंदूनं जाऊन आठ वर्षं झाली होती. शेत गेलं, रंधा गेला, डॉमिनोचा डाव गेला. हातात एकच काम राहिलं: सकाळचा चॉकलेटचा चहा, म्हणजे दुधात उकळलेला कोको. कोंबडा आरवला की तो भिंत चाचपत स्वयंपाकघरात यायचा. कपाटाच्या दाराला हात, वर सरळ, डावीकडं चार बोटं, कोकोचा गोळा. शेजारी जायफळ. आतल्या बाजूला खिळ्याला किसणी. खाली दुधाचा डबा. पातेलं चुलीवर ठेवून गोळा किसायचा, दालचिनीचं पान टाकायचं, उकळी कानानं ऐकायची. घरातलं माणूस उठेपर्यंत चार मग भरलेले. त्या वेळी तो कुणाचा मिंधा नसायचा. बाकी सगळा दिवस मिंधाच.

रात्रीच्या जेवणाला व्हिनेटनं विषय लिनव्हलच्या कानावर घातला.

"कपाट तुमा बायकांचं," तो म्हणाला. "मला यामचं काय ते इचार."

"आन् तुझ्या बापाचा च्या?"

"तू करून दे की. त्यात काय येवडं?"

त्यात काय एवढं, हे त्याला समजावून सांगायला बसलं असतं तर नववी झाली असती. ती उठून भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी पाव आणायचा होता, पन्नास-साठ माणसांचा. व्हिनेट सकाळच्या गाडीनं क्रिस्टियानाला गेली. जाताना हायसिंथला म्हणाली, "म्या येईस्तवर कशाला हात लावू नगंस. आल्यावर बगू." हायसिंथ म्हणाली, "बरं." दहा वाजून गेल्यावर व्हिनेट दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढ चढून आली तर सगळं कपाट खळ्यावर. ज्या सिमेंटच्या खळ्यावर ती आलं वाळवते त्याच्यावर बरण्या, डबे, बाटल्या, बशा, डच्च्या म्हणजे जाड बुडाची ओतीव पातेली, सगळं धुऊन उन्हात मांडलेलं, जसं काही घराचा लिलाव आहे. आलं एका कडेला ढकललेलं.

आत मास झेकी कपाटापुढं उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत रिकाम्या कपाटात.

"व्हिनेट? तूच ना गं ही? घरात चोर शिरलाय."

"चोर न्हाय, पापा. हायसिंथ हाय."

"म्हंजी तेच की."

"पापा, बाजूला व्हा," हायसिंथ मागून आली. तिनं इंग्लंडाहून चिकटकागद आणला होता, पिवळा, आणि त्यावर मोठ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: साखर, मीठ, तांदूळ, पीठ. "समद्या डब्यांवर नाव लावलंय. आता कुनाची चूक हुनार न्हाय."

म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला, एका डब्यावरून फिरवला, कागदाचा कोपरा अंगठ्यानं उचकटून बघितला.

"अक्षर बरं हाय का हिचं?" त्यानं व्हिनेटला विचारलं.

"झ्याक हाय."

"मग झालं."

हायसिंथला हसू आलं नाही. ती डबे आत आणून भराभर फळ्यांवर लावायला लागली. उंच डबे मागं, बुटके पुढं, रंगाला रंग लागून, बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकघरात असतात तसे. व्हिनेट पिशव्या हातात धरून बघत राहिली. एक फळी भरली, दुसरी भरत आली. म्हातारा भिंतीला सरकला होता आणि हात कुठं ठेवावेत हे न कळून ते त्यानं बगलेत घातले होते.

"थांब," व्हिनेट म्हणाली.

"का गं?"

"खाली काढ समदं."

"आगं पन..."

"काढ म्हनते ना! कपाट हालवायचं ना तुला? हालवू. मम्माला वळखू येऊ नये असंच करू. पन ठिवनार पापा. म्या येकेक चीज त्यांच्या हातात देते, ती जिथं ठिवत्याल तिथं ती ऱ्हायची. तू मधी बोलायचं न्हाय."

बावीस वर्षांत वहिनीचा असा आवाज हायसिंथनं पत्रात वाचला नव्हता. ती खुर्ची ओढून बसली.

पहिल्यांदा व्हिनेटनं किसणी दिली. तिला वाटलं होतं, म्हातारा ती घेऊन खिळ्याकडं जाईल, म्हणेल की निदान एवढी तरी राहू द्या तिची खूण. मास झेकीनं किसणी दोन्ही हातांत फिरवली.

"तो खिळा उपटून टाक," तो म्हणाला. "येकावन्न वर्सं ह्या किसणीनं माझं कोपार सोललंय. दार उगडलं की आधी ही चावायची."

"मग बोलला का न्हाय कवा?"

"तू बोललीस?"

व्हिनेट पक्कड आणायला गेली.

त्यानंतर गाडी सुरू झाली. तांदळाचा डबा त्यानं खालच्या फळीवर मागितला. व्हिनेट म्हणाली खाली उंदीर येतात, तो म्हणाला मग मधे, ती म्हणाली मधे माझी डच्ची, तो म्हणाला डच्ची कशाला कपाटात, भिंतीला टांग. मक्याचं पीठ वर गेलं. व्हिनेटनं कुरकूर केली, पण उंदरांपुढं काही चाललं नाही. मग मिठाची बरणी आली. ती व्हिनेटनं नुसती त्याच्या हातात ठेवली.

"मीठ," त्यानं हलवूनच ओळखलं. "हे खाली. पार कमरेच्या उंचीला. तुझ्या कमरेच्या."

"माझ्या कशापायी?"

"तुझी ती बादली रोज सकाळी माझ्या नडगीला लागती. आठ वर्सं झाली. मीठ खाली आलं की बादली जाईल."

हायसिंथ खुर्चीतून म्हणाली, "पापा, मम्माला जाऊन नऊ दिस झालं न्हाईत आन् तुमी तिच्या कपाटाची..."

"नऊ झालं की आज. म्हनून तर चाललंय."

रमच्या बाटलीपाशी मात्र त्यानं दोघींना तोंडं फिरवायला लावली. ती कुठं ठेवली ते कुणाला सांगितलं नाही.

साडेबारापर्यंत कपाट भरलं. आणि मग हायसिंथनं विचारू नये ते विचारलं. "बरं, आता काढा बगू जायफळ."

मास झेकी दारापाशी आला. हात वर गेला, डावीकडं चार बोटं आणि जरा शेजारी. तिथं जायफळ नव्हतं, तिथं आता व्हिनेगर होतं. त्याला आठवलं, हात खाली आला, उजवीकडं गेला, परत घुटमळला. त्यानं एक बाटली काढून हुंगली, ती मिऱ्याची. परत ठेवताना मनगट साखरेच्या बरणीला लागलं आणि बरणी खाली येऊन फुटली. काचा आणि साखर सगळीकडं.

बाहेर खळ्यावर कोंबडी आल्यात पाय ओढत होती.

"ऱ्हाऊ दे, पापा," हायसिंथ म्हणाली. आवाज तिचा मऊ झाला होता, इस्पितळात म्हाताऱ्यांशी बोलताना होतो तसा. "तुमी व्हरांड्यात बसा. खुर्चीत. च्या आमी आनून देऊ हातात. म्या हाय तवर म्या दीन, मग व्हिनी हायच."

व्हिनेट खाली बसून काचा गोळा करत होती. तिनं वर बघितलं. मास झेकीचा चेहरा काही दाखवत नव्हता. आठ वर्षांत तो चेहरा दाखवायची सवय विसरला होता. पण हात दाराच्या कडेवर होता. बोटं लाकडावरून मागंपुढं फिरत होती, रंधा मारल्यावर सुतार फिरवतो तशी.

"व्हिनेट," तो म्हणाला. "आल्याची सुरी दे तुझी."

"कशाला ती?" हायसिंथ उठली.

"तू बस गं."

ती सुरी व्हिनेट कुणाला देत नाही. अरुंद पात्याची, तिच्या मुठीला घासून झिजलेली. तिनं ती आणून मूठ त्याच्या हातात दिली. मास झेकी मिठाच्या फळीपुढं ओणवा झाला, बरणीची जागा चाचपली आणि फळीच्या कडेवर बरोबर तिच्यापुढं एक खाच पाडली. लाकडाची चोय निघून खाली पडली. त्यानं अंगठा फिरवून बघितला. मग साखरेच्या नव्या डब्यापुढं दोन खाचा. जायफळाला आडवी एक. कोकोच्या गोळ्यांना तिरपी.

"सोड्याला?" व्हिनेटनं विचारलं.

"सोड्याला फुली. तो चुकला तर समद्यांची पोटं जात्याल."

"आन् पिठाला?"

"पिठाला काय न्हाय. पीठ डोक्यावर पडलं की कळतं."

दोन तास तो खाचा पाडत होता. सीडरचं लाकूड पन्नास वर्षांनीही कापलं की वास देतं. स्वयंपाकघरात तो वास भरला. व्हिनेट एकेका खाचेवर त्याचं बोट नेऊन विचारायची, "हे काय?" आणि तो सांगायचा. दोनदा चुकला. तिसऱ्या फेरीला एकदाही नाही. हायसिंथ मधे कधीतरी उठून बाहेर गेली आणि खळ्यावरच्या कोंबडीला हाकललं.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत लोक जमायला लागले. अंगणात ताडपत्री टाकली होती, पुरुष डॉमिनो आपटत बसले, बोकडाच्या मुंडीचा रस्सा मोठ्या पातेल्यात शिजत होता. बायका बाह्या सारून सरळ स्वयंपाकघरात घुसल्या. त्या घरात त्या तीस-चाळीस वर्षं हक्कानं वावरलेल्या. आणि पहिल्याच घटकेला सगळ्यांची फजिती झाली.

"आगं मीठ कुटं हाय?"

"वर हाय की, जिथं असतं तिथं."

"वर पीठ हाय!"

"तांदूळ? व्हिनी, तांदूळ?"

व्हिनेट बाहेर चुलवणापाशी होती. मास झेकी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसला होता, हातात रिकामा मग.

"तांदूळ मधली फळी, दोन बोटं रुंद खाच," तो न वळता म्हणाला. "मीठ तुझ्या कमरेला, टायनी. तुझी कंबर सापडली तर."

मिस टायनी शेजारची, मिस अर्मीनच्या बरोबरीची, गोलमटोल बाई. ती खाली वाकून धापा टाकत म्हणाली, "अर्मीन राहिली बाजूला झेकी, हितं माझाच भुतावानी फेरा हुतोय. जित्या मानसाला कायबी घावंना!"

"मग खूण बरुबर बसली म्हनायची."

रात्रीचं गाणं सुरू होईपर्यंत तो तिथून हलला नाही. जायफळ आडव्या खाचेला, मिरी त्याच्या उजव्या हाताला, किसणी आता दाराच्या मागं. बायका आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या आणि नुसत्या विचारायला लागल्या, जसं डोळ्याच्या माणसाला विचारतात. हायसिंथनं तिसऱ्यांदा विचारलं, "पापा, दालचिनीची पानं?" तेव्हा त्यानं जागा सांगितली आणि वर म्हणाला, "तुझ्या पिवळ्या कागदावर बघ की."

"कागद रश्श्यात भिजला."

"अरारा. अक्षर चांगलं हुतं म्हनं."

रम कुणालाच सापडली नाही. ती मागायला पुरुषांना एकेकानं दारापाशी यावं लागलं.

मधे हायसिंथ त्याच्या स्टुलापाशी टेकली. दिवसभर धावपळ करून तिचे पाय सुजले होते.

"खरं सांगा, पापा. मम्मा आली आन् तिला कायबी सापडलं न्हाय, तर?"

"तर इचारील," तो म्हणाला. "तिला इचारायची सवय न्हवती. लावून घील."

हायसिंथ यावर हसली की रडली ते व्हिनेटला चुलवणाच्या धुरातून दिसलं नाही. तिला शेवटच्या पंगतीचं वाढायचं होतं.

सकाळी कोंबडा आरवला तेव्हा व्हिनेट जागी होती. तिनं भिंतीपलीकडून पावलं ऐकली, कपाटाचं दार ऐकलं. मग बराच वेळ काही नाही. एक झाकण पडून गरगरत गेलं, त्यामागून एक शिवी गेली. दुसरं दार. परत पहिलं. शेजारी लिनव्हल कूस बदलून म्हणाला, "जाऊन बग की जरा." व्हिनेट म्हणाली, "नीज तू," आणि स्वतः छताकडं बघत पडून राहिली. दालचिनीचा वास यायला रोजच्यापेक्षा पाऊण तास जास्त लागला.

ती उठून गेली तेव्हा टेबलावर मग भरलेले होते. मास झेकीच्या शर्टावर मक्याचं पीठ सांडलेलं, भुवईला पांढरं.

"पीठ लागलं का?" तिनं विचारलं.

"लागलं."

तिनं मग उचलून एक घोट घेतला. साखर जास्त होती.

"दोन खाचंला दोन चमचं घातलं," तो म्हणाला. "हाताला वाटलं तसं."

"उंद्या येकच घाला."

तिनं मग रिकामा केला, विसळून ठेवला आणि सुरी घेऊन बाहेर गेली. सुरीला लाकडाचा चिकटा बसला होता; तिनं तो दगडावर घासून काढला, पात्याला लिंबू चोळलं. खळ्याच्या कडेला ढकललेलं आलं कालपासून तसंच पडलं होतं, वरची साल सुकायला लागली होती. सुकलेली साल जाड निघते. ती उकिडवी बसली, त्यातली पहिली गाठ घेतली आणि आल्याच्या बोटांमधल्या बेचक्यातून सोलायला लागली.